पाणी पाजलं आणि पक्षी गेला : दरवर्षी येणाऱ्या एकाच तक्रारीबद्दल

संक्रांतीनंतरचे चार-पाच दिवस आणि मग मे महिना, या दोन वेळांना माझ्या फोनवर एकच तक्रार येते. "ताई, खाली घार पडली होती. उचलून घरी आणली, पाणी पाजलं, जरा डोळे उघडले आणि तासाभरात मान टाकली. आमचं काय चुकलं?" घारीच्या जागी कधी कोकीळ असते, कधी पोपट, कधी तांबट. फोन ठाण्यातल्या वर्तकनगरहून येतो, कोलशेतहून येतो, खाडीपलीकडच्या ऐरोलीहूनही येतो. मधलं वाक्य मात्र तेच असतं, पाणी पाजलं.

मी पशुवैद्य नाही. येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी राहते. गेली अकरा वर्षं आमच्या भागात जखमी पक्षी सापडला की त्याला खोक्यात घालून वनखात्याच्या किंवा डॉक्टरांच्या हाती पोचवते, एवढंच माझं काम. डॉक्टरांच्या टेबलाशेजारी उभं राहून जे पाहिलं आणि विचारून घेतलं, ते इथे लिहिते आहे, कारण फोनवर हे सगळं सांगायला वेळ नसतो आणि तोवर बहुतेकदा उशीर झालेला असतो.

माझ्या हातून गेलेला पहिला पक्षी तांबट होता. मे महिन्यातली दुपार. गुलमोहराखाली चोच उघडी टाकून बसला होता. मी डोळ्यांच्या औषधाचा ड्रॉपर धुऊन आणला आणि त्याच्या चोचीत पाणी सोडलं. त्याने डोकं झटकलं, श्वासाबरोबर दोन-तीनदा टिक्‌टिक् असा ओला आवाज आला, आणि माझ्या तळहातावर तो आडवा झाला. उन्हाने गेला असं मी कितीतरी दिवस समजत होते. पुढे एका डॉक्टरांनी दुसऱ्या पक्ष्याची चोच उघडून मला आत बघायला लावलं, तेव्हा त्या तांबटाचं काय झालं ते कळलं.

आत नेमकं काय होतं

पक्ष्याच्या जिभेच्या मुळाशीच एक बारीक फट असते, श्वासाबरोबर उघडझाप करणारी. तेच श्वासनलिकेचं तोंड. आपल्या घशात त्यावर झाकण असतं, पक्ष्याला ते नसतं. धड असलेला पक्षी स्वतः पाणी पितो तेव्हा ती फट मिटून घेतो. भेदरलेला, धापा टाकणारा किंवा अर्धवट शुद्धीतला पक्षी ती मिटू शकत नाही. वरून सोडलेलं पाणी सरळ श्वासनलिकेत जातं, तिथून फुप्फुसात आणि हवेच्या पिशव्यांमध्ये. शिंजिराएवढ्या जिवाला एक थेंब पुरतो. घारीएवढा पक्षी तेवढ्याने लगेच जात नाही, पण छातीत पाणी गेलेलं असतं आणि तो रात्रीतून किंवा दुसऱ्या दिवशी जातो, म्हणून कुणाला संशय येत नाही. पाणी पाजल्यावर "डोळे उघडले" असं जे दिसतं, ती तरतरी नसते. घुसमटलेला पक्षी दचकून डोळे उघडतो.

त्यामुळे पहिला नियम: चोचीत काहीही घालायचं नाही. पाणी, ग्लुकोज, साखरपाणी, इलेक्ट्रॉल, यातलं काहीच नाही. डॉक्टर अशा पक्ष्याला कातडीखाली सुईने द्रव देतात किंवा नळी थेट अन्ननलिकेत उतरवतात, आणि ती नळी उतरवायलाही शिकावं लागतं.

मग उन्हाने पडलेल्या पक्ष्याचं काय? सावलीत न्या. पायांवर नीट उभा राहत असेल, मान सरळ धरत असेल, तर मातीची पसरट बशी त्याच्यापुढे ठेवून तुम्ही लांब व्हा. प्यायचं असेल तर तो स्वतः पिईल. उभा राहत नसेल तर बशीही नको, कारण त्यात तोंड घालून बुडतो. अंगावर पाणी ओतू नका. पायांना ओला हात लावलात तरी पुरे.

खाऊ घालणं हाही याच प्रकारचा घात आहे. दूध-पाव, दूध-भात घारीपासून चिमणीपर्यंत सगळ्यांना दिला जातो. दुधातली साखर पक्ष्यांना पचत नाही. घार, घुबड हे मांस खाणारे पक्षी, त्यांच्यापुढे तांदूळ ठेवून उपयोग नाही. आणि अंगातलं पाणी भरून निघण्याआधी दोन-तीन दिवसांच्या उपाशी पक्ष्याच्या पोटात अन्न गेलं, तर ते पचवण्याचं बळच त्याच्यात नसतं. तासा-दोन तासांत डॉक्टरांकडे पोचणार असेल तर उपाशी राहिल्याने तो मरत नाही.

पाणी नाही पाजलं, तरी गेला

असाही फोन येतो, आणि तो जास्त अवघड असतो, कारण समोरचा माणूस सगळं प्रेमाने केल्याचं सांगत असतो. मांडीवर घेतला, डोक्यावरून हात फिरवला, मुलांना दाखवला, "अगदी शांत बसला होता हो, माणसाळल्यासारखा."

रानातला पक्षी माणसाच्या मांडीवर शांत बसला असेल तर तो मरणाच्या भीतीने गोठलेला असतो. त्याच्या लेखी आपण त्याला धरलेलं जनावर आहोत. हात फिरला की प्रत्येक वेळी त्याला वाटतं, आता खाल्लं. हृदय आधीच प्रचंड वेगाने धावत असतं. त्यात चार मुलांचा आवाज, मोबाइलचा फ्लॅश, टीव्ही आणि घरातलं मांजर. मोठ्या घारीला हे सोसतं तरी, लहान पक्ष्यांना नाही.

दुसरी गोष्ट पकडण्याची. आपल्या छातीखाली श्वासपटल असतं, पक्ष्याला नसतं. त्याला श्वास घ्यायला छातीचं हाड पुढे-मागे हलवावंच लागतं. मुठीत घट्ट धरलेला पक्षी नाक-तोंड मोकळं असूनही गुदमरतो. तुटलेला पंख बांधायचा म्हणून कुणी अंगाभोवती क्रेप बँडेज गुंडाळतं, त्यानेही हेच होतं. पंख लोंबत असला तरी बांधू नका. अंधाऱ्या खोक्यात तो स्वतःच पंख अंगाशी घेऊन बसतो.

तिसरी गोष्ट ऊब. पक्ष्याच्या अंगाचं तापमान ४० ते ४२ अंशांच्या आसपास असतं, आपल्यापेक्षा जास्त. रक्त गेलेला, पावसात भिजलेला पक्षी भराभर गार पडतो. त्याला एसीच्या खोलीत किंवा पंख्याखाली ठेवलं की उरलेलं बळही थरथरण्यात जातं. भिजलेल्या पक्ष्याच्या खोक्याला बाहेरून एका बाजूने गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून टेकवा. उकडलं तर तो दुसऱ्या बाजूला सरकेल, एवढी जागा आत असू द्या. उन्हाने पडलेल्या पक्ष्याला मात्र ही बाटली लावू नका.

आणि रक्त. १०० ग्रॅम वजनाच्या पक्ष्याच्या अंगात सगळं मिळून १० मिलिलिटरच्या आतबाहेरच रक्त असतं, दोन चहाचे चमचे. फरशीवर पडलेले चार थेंब आपल्याला किरकोळ वाटतात, त्याच्यासाठी ते तसे नसतात. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दोन-तीन मिनिटं त्या जागी हलका दाब द्या, छातीवर नाही. हळद भरू नका, पिसं चिकटतात आणि डॉक्टरांना जखम दिसत नाही.

खोका

घरात बुटांचा, मिक्सरचा, किराणा सामानाचा पुठ्ठ्याचा खोका असतोच. पक्षी पंख मिटून आत मावेल आणि वळू शकेल, पण उडायचा प्रयत्न करणार नाही, एवढ्या मापाचा घ्या. भोकं आधी पाडा, पक्षी आत असताना पेन खुपसू नका. तळाला जुना टॉवेल किंवा टी-शर्ट, म्हणजे पाय घसरत नाहीत. वर्तमानपत्र गुळगुळीत असतं, त्यावर आधीच अशक्त पाय फाकतात. झाकण लावा आणि चिकटपट्टीने बंद करा. अंधार झाला की पक्षी शांत होतो. माझ्या पाहण्यात या एका गोष्टीने जितके पक्षी वाचले तितके दुसऱ्या कशाने नाहीत. तारेचा पिंजरा घेऊ नका. घार त्यात धडका देते, शेपटीची आणि पंखांची मोठी पिसं मोडतात, आणि मग जखम भरली तरी तिला नवी पिसं येईपर्यंत महिनोन्‌महिने कैदेत राहावं लागतं.

उचलताना मोठा टॉवेल किंवा जाड ओढणी पक्ष्यावर टाका, आधी डोकं झाका. डोळ्यांपुढे अंधार झाला की धडपड थांबते. मग दोन्ही पंख अंगाशी धरून, टॉवेलसकट उचला. घार आणि घुबडाची भीती चोचीची कमी आणि पायांची जास्त. नख्या एकदा रुतल्या की पकड सुटत नाही, तेव्हा पाय टॉवेलात गुंडाळलेले हवेत. बगळा, ढोकरी, रातबगळा यांच्याबाबतीत उलटं: ते लांब मान एकदम सोडून डोळ्यांवर चोच मारतात. मानेचा वरचा भाग हलक्या हाताने धरा आणि चेहरा लांब ठेवा. चष्मा असला तर घाला.

खोका एकदा बंद केला की उघडून बघायचं नाही. "जिवंत आहे का बघते" म्हणून दर दहा मिनिटांनी झाकण उघडणारी माणसं मी खूप पाहिली. त्यांची काळजी मला समजते. पण प्रत्येक वेळी त्याची भीती नव्याने सुरू होते.

मांजात अडकलेला पक्षी

ठाण्यात सगळ्यात जास्त घारीच अडकतात. त्या उंच घिरट्या घालतात, संध्याकाळी ठरलेल्या झाडांवर मुक्कामाला एकत्र येतात, आणि संक्रांतीच्या सुमाराला त्यांची घरटी बांधायची वेळ झालेली असते. मांजा लागतो तो बहुतेक वेळा पंखाच्या पुढच्या कडेला. पंख उघडला की खांद्यापासून मनगटापर्यंत तिथे कातडीचा एक पातळ पडदा ताणला जातो. त्याच्या कडेतून जाणारा कंडरा (टेंडन) तुटला की पंख पुरता उघडत नाही. म्हणून मांजाची जखम दिसायला ब्लेडने कापल्यासारखी बारीक असते आणि पक्षी कायमचा जमिनीवर येऊ शकतो.

इथली नेहमीची चूक म्हणजे मांजा ओढून काढणं. तो कातडीत रुतलेला असतो, पिसांच्या मुळांभोवती आणि कधी हाडापर्यंत गेलेला असतो. ओढला की करवतीसारखा चालतो, आणि बाहेरून अर्धा इंच दिसणारी जखम आत दोन इंच होते. पक्ष्यापासून वीतभर अंतर सोडून मांजा कात्रीने कापा, अंगावरचा तसाच ठेवा, लोंबणारं टोक टॉवेलात गुंडाळा. उरलेलं काम डॉक्टर भूल देऊन करतात.

झाडावर उंच लटकलेल्या पक्ष्यासाठी स्वतः चढू नका, बांबूने ओढू नका. बांबूने मांजा ताणला की पंख खांद्यातून निखळतो. १०१ वर अग्निशमन दलाला कळवा. ते येईपर्यंत खाली दोन माणसं चादर ताणून उभी राहू द्या, कारण कावळे टोचायला लागले की मांजा तुटून पक्षी कधीही खाली येतो. अंधार पडायच्या आत फोन केलात तर बरं. संध्याकाळी सहाला दिसलेल्या पक्ष्यासाठी रात्री नऊला फोन येतो तेव्हा दलाच्या माणसांनाही फांदी दिसत नाही.

नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये देशभर बंदी घातली. तरी तो मिळतो, आणि सुती दोऱ्यावर काचेची भुकटी चढवली तर तोही कापतोच. नायलॉनचा मांजा कुजत नाही, म्हणून संक्रांत संपली तरी तक्रारी संपत नाहीत. जूनमध्येही त्याच जानेवारीच्या मांजात वटवाघळं आणि कावळे अडकलेले मी काढून घेतले आहेत. आमच्या सोसायटीत तीन वर्षांपूर्वी आम्ही २६ जानेवारीचं झेंडावंदन झाल्यावर झाडांवरचा, केबलींवरचा, गच्चीच्या पाण्याच्या टाक्यांवरचा मांजा उतरवायला सुरुवात केली. मुलं जमिनीवरचा गोळा करतात, फांद्यांवरचा माळीकाका लांब आकडीने काढतात. जमा केलेला मांजा बारीक तुकडे करूनच कचऱ्यात टाकायचा, नाहीतर तोच डंपिंगवर घारींच्या पायांत जातो.

उचलायलाच नको होतं

मार्च ते जुलै या काळात येणाऱ्या फोनांपैकी पुष्कळ पक्ष्यांना काहीच झालेलं नसतं. दयाळ, बुलबुल, तांबट, कावळा यांची पिल्लं घरट्यातून बाहेर पडतात तेव्हा त्यांना नीट उडता येत नाही. ती दोन-चार दिवस झुडपांत, गाडीखाली, कुंपणावर घालवतात आणि आईबाप त्यांना तिथेच भरवतात. आपल्याला दिसतं ते एकटं, टुकूटुकू बघणारं पिल्लू, आणि आपण ते घरी आणतो. वर दोन पक्षी कासावीस होऊन ओरडत असतात, तिकडे लक्ष जात नाही.

बघायचं असं. अंगावर पिसं आहेत, शेपूट आखूड आहे, पायांवर उभं राहतं, टुणटुण उडी मारतं? मग ते शिकतं पिल्लू आहे. मांजर-कुत्रा किंवा गाडीचा धोका असेल तर उचलून जवळच्याच झुडपात किंवा बुटक्या फांदीवर ठेवा आणि वीस-पंचवीस पावलं मागे जाऊन तासभर थांबा. अंग उघडं आहे, पिसं नळ्यांसारखी आहेत किंवा नाहीतच, उभं राहता येत नाही? मग ते घरट्यातून पडलं आहे. घरटं दिसत असेल आणि हात पोचत असेल तर परत ठेवा. माणसाचा हात लागला की आईबाप पिल्लाला टाकतात, हा समज खोटा आहे. बहुतेक पक्षी वासावरून पिल्लू ओळखत नाहीत. घरटंच पडलं असेल तर करंडीला खाली भोकं पाडून, आत वाळलं गवत घालून, त्याच झाडावर बांधा. घारीच्या आणि घुबडाच्या पिल्लांनाही अशी करंडी चालते, आईबाप तिथे येऊन भरवतात. मी दोनदा स्वतः पाहिलं आहे.

घरी वाढवलेल्या पिल्लाला भरवता येतं, पण माणसापासून लांब राहा, कावळ्याला चुकव, खाणं कुठे आणि मांजर कुठे, हे शिकवता येत नाही. ते माणसामागे फिरतं आणि पहिल्याच आठवड्यात कुत्र्याच्या तोंडी जातं. पोपटाचं पिल्लू तर लोक ठेवूनच घेतात. आपला पोपट वन्यजीव आहे, तो पाळणं गुन्हा आहे, तो सापडलेला असला तरी.

गव्हाणी घुबडाबद्दल वेगळं सांगते. उंच इमारतींच्या डक्टमध्ये, बंद फ्लॅटच्या गॅलरीत ते अंडी घालतं. पिल्लं वेगवेगळ्या दिवशी बाहेर येतात, त्यामुळे एक मोठं आणि एक एवढंसं असं दिसतं. लहानगं आजारी आहे असं समजून कुणी ते उचलून आणतं. ती सापासारखी फुसकारतात, झुलतात, चोच वाजवतात. घाबरलेली असतात, अंगावर येत नाहीत. दिवसा उघड्यावर बसलेल्या आणि कावळ्यांनी घेरलेल्या मोठ्या घुबडाला बहुतेकदा संध्याकाळपर्यंत एकटं सोडणं पुरतं. अंधार पडला की ते आपणहून जातं. अपशकुन म्हणून दगड मारणारे आहेत, दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या सुमाराला जादूटोण्यासाठी घुबडं पकडणारेही आहेत. म्हणून घुबडाच्या घरट्याचा फोटो पत्त्यासकट ग्रुपवर टाकू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे.

बाकीच्या तक्रारी, थोडक्यात

मांजराने धरलेला पक्षी वरवर धड दिसतो, रक्तही नसतं, आणि दोन दिवसांनी मरतो. मांजराच्या लाळेतले जंतू दाताच्या टाचणीएवढ्या भोकातून आत गेलेले असतात. असा पक्षी उडून जायच्या बेतात असला तरी सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, त्याला प्रतिजैविक लागतं.

काचेवर आपटलेला पक्षी खोक्यात अंधारात दोन तास ठेवा. मग बाहेर, झाडांजवळ नेऊन झाकण उघडा आणि मागे व्हा. गेला तर गेला. नाही गेला, मान वाकडी राहिली, एक डोळा मिटलेला राहिला, तर डॉक्टर. हवेत उडवून "बघू उडतोय का" हा प्रकार कुठल्याच पक्ष्यावर करू नका. पावसाच्या तोंडावर, मेच्या शेवटी आणि जूनमध्ये, येऊरला वस्तीला येणारा नवरंग असा हमखास आपटतो. तो लांबून रात्रीचा प्रवास करून थकून आलेला असतो, घोडबंदरच्या काचेच्या इमारती त्याच्या वाटेत येतात.

उंदरांच्या गोंदपट्टीवर चिकटलेला पक्षी ओढू नका, पिसांसकट कातडी येते. मोकळ्या गोंदावर तांदळाचं पीठ भुरभुरा म्हणजे आणखी चिकटणार नाही, आणि पट्टीसकट खोक्यात ठेवा. रॉकेल, टर्पेंटाइन अजिबात नको. गोंदपट्टी गॅलरीत किंवा बागेत लावूच नका, भारद्वाज आणि पिंगळा मेलेल्या उंदराच्या आशेने तिथे येतात.

जुलै-ऑगस्टच्या वादळी वाऱ्यात खोल समुद्रातले पक्षी शहरात येऊन पडतात, कधी गच्चीवर, कधी रस्त्यात. जखम दिसत नाही आणि उडत नाहीत. ते थकलेले, उपाशी असतात, आणि त्यांच्यातल्या काहींना सपाट जमिनीवरून उडताच येत नाही. तलावपाळीच्या पाण्यात सोडू नका. त्यांचं पाणी गोडं नसतं.

रोहित पक्षी (फ्लेमिंगो) खाडीकडे किंवा नेरुळ-सीवूड्सच्या बाजूला रस्त्यावर उतरलेला दिसला तर त्याच्यामागे धावू नका. लांब पायांचे पक्षी पाठलागात स्नायूंना जे इजा करून घेतात, त्याने धरल्यानंतरही मरतात. गाड्या आणि कुत्रे लांब ठेवा आणि वनखात्याला कळवा. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये ते महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत गेलं. तिथली माणसं या पक्ष्यांना हाताळतात.

एकाच जागी तीन-चार मेलेले कावळे किंवा बगळे दिसले तर हात लावू नका. २०२१ च्या जानेवारीत ठाण्यात बर्ड फ्लू सापडला होता. महापालिकेला कळवा.

कुणाला द्यायचा

वनखात्याची हेल्पलाइन १९२६. फोन केलात की पक्षी, जागा, वेळ आणि काय दिसतं ते सांगा, फोटो काढून ठेवा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे सापडलेला रानपक्षी सरकारच्या मालकीचा असतो आणि ताब्यात आल्यापासून ४८ तासांच्या आत कळवावं लागतं. कायद्याला घाबरून पक्षी तिथेच टाकू नका. तातडीने उचलून कळवणाऱ्याला कुणी त्रास दिल्याचं मी पाहिलेलं नाही. आपल्या वस्तीजवळचा, पक्षी बघणारा पशुवैद्य कोण, हे आजच विचारून ठेवा. कुत्र्या-मांजरांचे सगळे डॉक्टर पक्षी घेत नाहीत, हे मला एकदा रात्री साडेदहाला खोका घेऊन तीन दवाखाने फिरल्यावर कळलं. त्या घारीने तिसऱ्या दवाखान्याच्या पायरीवर प्राण सोडला. परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयात पक्षी घेतात, पण ठाण्याहून रहदारीत तिथे पोचायला लागणारा वेळ धरून ठरवा.

"आमची घार कधी सोडणार?" हा पुढचा फोन. शिवलेली कातडी दोन-तीन आठवड्यांत भरते, पण पंख बांधून ठेवला तर सांधा आखडतो, म्हणून मध्येच पट्टी सोडून भूल देऊन पंख हलवावा लागतो. मग मोठ्या पिंजऱ्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत उडून दम यायला हवा. वजन, पिसं, दोन्ही डोळ्यांची नजर, सगळं तपासून मग सोडायचं, शक्यतो सापडली त्याच भागात आणि सकाळी. याला कधी चार महिने लागतात. काही कधीच सुटत नाहीत. हे विचारणाऱ्याला सांगणं जड जातं, तरी मी सांगते.

छाटणी

शेवटचा मुद्दा दरवर्षी मेच्या अखेरीला येतो. पावसाळ्याआधी फांद्या छाटायला माणसं येतात, आणि नेमकं तेव्हा बगळे आणि रातबगळे वर्षावृक्षांवर, पिंपळांवर घरटी करत असतात. फांदी पडली की तिच्याबरोबर पिल्लं पडतात, आणि एका सकाळी मला वीस फोन येतात. तेव्हा खोके पुरत नाहीत. घरटं मोडणं, अंडी फोडणं हे त्याच १९७२ च्या कायद्यात शिकार धरलं आहे, हे ठेकेदाराला सहसा माहीत नसतं आणि सोसायटीच्या कमिटीलाही नसतं. झाडाखाली पांढऱ्या विष्ठेचे डाग आणि माशांचा वास असला की वर घरटी आहेत असं समजा. छाटणी जानेवारी-फेब्रुवारीत उरकून घ्या, तीसुद्धा घारीचं घरटं नसलेल्या झाडांची. कमिटीला पत्र डिसेंबरमध्येच द्या, मेमध्ये कुणी ऐकत नाही. घारीचं घरटं असलेल्या झाडाजवळच्या गच्चीवर ती झडप घालते अशीही तक्रार येते. अंडी उबवायला महिनाभर आणि पिल्लं उडायला त्यानंतर दीड महिना, एवढे दिवस गच्चीवर जाताना छत्री उघडून जा, ती तेवढ्यावर भागवते.

यंदा आमच्या गेटजवळच्या वर्षावृक्षावर रातबगळ्यांची सात घरटी आहेत. छाटणी ऑक्टोबरपर्यंत पुढे ढकलली आहे, खालच्या तीन गाड्यांना मागच्या बाजूला जागा दिली आहे, आणि वॉचमनच्या केबिनमध्ये भोकं पाडलेले दोन खोके आणि चार जुने टॉवेल ठेवले आहेत. खोक्यांवर मार्करने लिहिलं आहे: पाणी पाजू नका.